५१२ म्हणजे नक्की किती?

गेल्या महिन्यात मुलीच्या एमकॅटचा, म्हणजे अमेरिकेतल्या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला आणि त्याच दिवशी नाशिकहून माझ्या भावाचा फोन आला. ५१२ गुण मिळाले म्हटल्यावर त्याने लगेच ‘कितीपैकी?’ असे विचारले, आणि ५२८ हे उत्तर ऐकून तो भलताच खूश झाला, कारण त्याच्या हिशेबाने ते ९७ टक्के झाले. मला त्याचा विरस करावा लागला. या परीक्षेचे चार विभाग असतात आणि प्रत्येकात कमीत कमी ११८ व जास्तीत जास्त १३२ गुण मिळतात. म्हणजे कोरा पेपर देणाऱ्यालाही ४७२ मिळतातच, आणि मध्यबिंदू असतो ५००. वैद्यकीय प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांची सरासरी अलीकडे ५११-५१२ च्या आसपास असते, तेव्हा निकाल चांगला आहे, पण भावाला वाटला तसा आभाळाला हात लावणारा नाही.

अमेरिकेत बारावीनंतर थेट एमबीबीएससारखा अभ्यासक्रम सहसा नसतो. आधी चार वर्षांची पदवी, मग वैद्यकीय महाविद्यालय. त्यामुळे प्रवेश समितीपुढे दोन आकडे असतात: पदवीच्या गुणांची ४ पैकी सरासरी, जिला इथे जीपीए म्हणतात, आणि साडेसात तासांच्या त्या एका दिवसाचा एमकॅट. मी ह्यूस्टनच्या एका कम्युनिटी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, म्हणून घरात हा विषय निघाल्यावर मला राहवले नाही आणि या आकड्यांवरून पुढचे कितपत कळते, ते वाचायला बसले.

हा प्रश्न जवळजवळ शंभर वर्षे जुना आहे. १९२० च्या दशकात इथल्या काही वैद्यकीय महाविद्यालयांत निम्म्यापर्यंत विद्यार्थी मध्येच गळत असत, आणि ती गळती रोखण्यासाठी १९२८ मध्ये या परीक्षेचा पूर्वज जन्माला आला. म्हणजे मूळ हेतू उत्तमातून सर्वोत्तम निवडण्याचा नव्हता. जो टिकणार नाही त्याला आधीच ओळखण्याचा होता. आज आपण तिच्याकडून करून घेतो ते काम वेगळेच आहे.

अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात, एमकॅट आणि वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्या दोन वर्षांतील कामगिरी यांचा सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे तंतोतंत) ०.३९, तर एमकॅट आणि डॉक्टरकीच्या परवाना परीक्षेचा पहिला टप्पा, म्हणजे स्टेप वन, यांचा ०.६० निघाला. ०.६० चा वर्ग ०.३६, म्हणजे स्टेप वनच्या गुणांतील फरकांपैकी साधारण एकतृतीयांशाहून थोडा अधिक भाग एमकॅटने उलगडतो आणि उरलेला उलगडत नाही. विद्यार्थी वॉर्डात गेला, रुग्णांशी बोलू लागला आणि वरिष्ठ डॉक्टर त्याला गुण देऊ लागले की हा धागा आणखी विरळ होतो. पदवीचे गुण जोडले की अंदाज थोडा सुधारतो, कारण त्यांत चार वर्षांची नियमितता दिसते. मात्र एका कॉलेजचा ‘ए’ दुसऱ्या कॉलेजच्या ‘बी’च्या तोडीचा असू शकतो, हे शिकवणारी म्हणून मी छातीठोकपणे सांगू शकते.

इथे एक मेख आहे. हे सारे हिशेब प्रवेश मिळालेल्यांवरच बेतलेले असतात. नाकारलेले लोक कसे शिकले असते, हे कोणी पाहिलेले नसते. पोलीस भरतीत उंचीची अट पार केलेल्यांमध्येच उंची आणि धावण्याचा वेग यांचा संबंध शोधला, तर तो क्षीणच दिसणार, तसेच हे.

मात्र एकदा नाकारलेल्यांची परीक्षा खरोखरच झाली, आणि तीही आमच्याच गावात. १९७९ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने ह्यूस्टनमधील टेक्सास विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाला ऐनवेळी १५० ऐवजी २०० विद्यार्थी घ्यायला लावले. तोपर्यंत चांगले उमेदवार इतरत्र गेले होते, म्हणून सुमारे ८०० मुलाखतींच्या यादीत तळाशी असलेल्या उमेदवारांतून ५० जण घेतले गेले. १९८७ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा गळती, परीक्षा, वॉर्डातले काम, पदवीनंतरचे पहिले वर्ष, कशातही हे ५० जण आणि आधी निवडलेले १५० जण या दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. ही गोष्ट इथे बरेचदा ‘परीक्षा निरुपयोगी’ असे पटवण्यासाठी सांगितली जाते, पण ते चूक आहे. दोन गटांच्या क्रमांकांतील बहुतांश तफावत गुणांमुळे नव्हती, मुलाखतकारांच्या मतांमुळे होती. खोटा ठरला तो मुलाखतकारांचा स्वतःच्या पारखीवरचा विश्वास.

न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय महाविद्यालयाने १९८७ पासून मानव्यविद्येचे काही विद्यार्थी एमकॅटशिवाय घेतले आणि तेही सहाध्यायांच्या बरोबरीने डॉक्टर झाले. दुसरीकडे, एमकॅटचे भाकीत जिथे सर्वांत चांगले बसत होते, त्या स्टेप वनचे गुणच जानेवारी २०२२ पासून बंद झाले. आता तिथे फक्त उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण. आमचा ०.६० बिचारा पोरका झाला.

माझे मत विचाराल, तर एका पातळीखालचा गुण हा खरा इशारा असतो आणि तो दुर्लक्षू नये. त्या पातळीच्या वर ५१२ आणि ५१५ यांत रुग्णाच्या दृष्टीने काही अर्थ शोधणे मला पटत नाही. भाचा यंदा नीटला बसतोय, म्हणून हे मी भावाला जरा जास्तच जोर देऊन सांगितले. २०२४ च्या नीटच्या पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० होते, त्यांना एकाखाली एक लावायचे तरी कसे? त्याने ते शांतपणे ऐकले, आणि मग मूळ प्रश्नावर आला: “पण हिचा नंबर लागेल ना?”

मी म्हटले, टेक्सासच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत किमान ९० टक्के जागा राज्यातल्या रहिवाशांना द्याव्या लागतात, त्यामुळे आशा आहे.

“म्हणजे डोमिसाइल,” तो म्हणाला. “मग एवढा वेळ काय सांगत होतीस?”