नांदेडचा गुरुद्वारा, मामाचं घर आणि गोदावरीची गागर

आम्ही परभणीकर, त्यामुळे नांदेड म्हणजे मामाचं गाव, आणि हजूर साहिब म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत फुकट जेवायला मिळतं ती जागा, लहानपणी एवढीच अक्कल होती, काय करणार. डोक्याला तो केशरी रुमाल बांधायचा, पायऱ्यांपाशी वाहत्या पाण्यात पाय बुडवायचे, आत एक चक्कर मारायची आणि थेट लंगर. मामी ओरडायची, अरे आधी नीट माथा तरी टेका.

मागच्या महिन्यात बऱ्याच वर्षांनी गेलो, ते पण मामाच्या हट्टामुळे पहाटे, गागर बघायला. रोज पहाटे गोदावरीतून गागर भरून आणतात आणि त्या पाण्याने आतल्या गाभाऱ्याला स्नान घालतात. अंधारात ओल्या फरशीवर उभा होतो, झोप पुरती उतरलेली नव्हती आणि समोरून ती पाण्याची गागर गेली, मागे "वाहेगुरू" चालू. मला एकदम पंढरपूरची काकडआरतीच आठवली. इथे संध्याकाळी दिवे ओवाळून आरती पण होते, शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग यांची शस्त्रं दर्शनाला काढतात, आणि गुरू ग्रंथ साहिबसोबत दसम ग्रंथाचाही, म्हणजे त्यांच्या नावावरच्या ग्रंथाचाही, पाठ होतो. पंजाबातून आलेल्या भाविकांना यातलं काही काही नवीन वाटतं म्हणे, आपल्याला मात्र घरचंच वाटतं.

आता इतिहास. औरंगजेब गेल्यावर त्याचा मुलगा बहादूरशाह दख्खनला निघाला, त्याच्यासोबत गुरू गोविंदसिंग पण आले, आणि १७०८ मध्ये नांदेडला गोदेच्या काठी मुक्काम पडला. इथेच माधोदास बैरागी नावाच्या साधूचा मठ होता, गुरूंना भेटून तो त्यांचा बंदा, म्हणजे सेवक झाला, तोच पुढे बंदासिंग बहादूर म्हणून पंजाबात जाऊन मोगलांशी लढला. म्हणजे पंजाबच्या इतिहासातला एवढा मोठा माणूस आपल्या नांदेडच्या घाटावरून निघाला बघा, आणि शाळेत आम्हाला कुणी हे सांगितलंच नाही!

मग मुक्कामातच गुरूंवर पठाण मारेकऱ्यांनी वार केला. जखम शिवली, पण सांगतात की एकदा जड धनुष्य ओढताना टाके तुटले. ७ ऑक्टोबर १७०८ ला त्यांनी देह ठेवला. त्याआधी सांगितलं की आता देहधारी गुरू नाही, गुरू ग्रंथ साहिब हाच गुरू. शीख धर्मात यापेक्षा मोठा निर्णय क्वचितच झाला असेल आणि तो आपल्या मराठवाड्यात झाला! अग्निसंस्कार झाला ती जागा म्हणजे आतलं अंगीठा साहिब. आजची इमारत पंजाबच्या महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ मध्ये बांधवून घेतली, तेव्हा इकडे निजामाचं राज्य, म्हणजे लाहोरहून माणसं, सामान, पैसा एवढ्या लांब धाडायचं. शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी हे एक, नाव अबचलनगर, म्हणजे न ढळणारं. २००८ ला गुरू-ता-गद्दीची, म्हणजे ग्रंथाला गुरुपद दिल्याची ३०० वर्षं झाली तेव्हा शहराचे रस्ते रुंद झाले, तेव्हा मामाच्या गल्लीत धुळीने सगळ्यांना खोकला, तेवढंच मला आठवतंय.

अजून एक. गुरू ग्रंथ साहिबात आपल्या संत नामदेवांची ६१ पदं आहेत. नामदेवांची नर्सी हिंगोली जिल्ह्यात, नांदेडच्या अगदी शेजारी. मी आत बसलो होतो, रागी गात होते, मला शब्द कळत नव्हते, आणि मनात सारखं येत होतं की यातलं एखादं आपल्या नाम्याचं तर नसेल?

लंगरात बसलो. परशादा म्हणजे पोळी, ती दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायची, मी एकच हात पुढे केला तर सेवादाराने नुसतंच माझ्याकडे बघितलं, मग मी दुसरा हात घाईघाईत जोडला. पलीकडे एक म्हातारे सरदारजी दाळीची बादली घेऊन आले. मी माझं मोडकं हिंदी जुळवत म्हणालो, थोडा और दीजिए. ते दाळ वाढत म्हणाले, "परभणीचे का तुम्ही? बोलण्यावरून वाटलं. बसा की निवांत, खीर अजून यायचीय."