‘दर = 14’ इथं का चालेना?

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं बिलिंगचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. महिनाअखेरीला तिथून फोन आला, ‘फेटलिंगच्या ठेकेदाराचं बिल निघंना, या की जरा.’ (फेटलिंग म्हणजे ओतलेल्या कास्टिंगवरचं जादा धातू घासून साफ करणं.)

दर ठरवायला स्क्रीनवर एक चौकट आहे. फॉर्म्युला पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहायचा, आत तो ‘इव्हॅल’कडे, म्हणजे लिहिलेलं गणित सोडवून उत्तर देणाऱ्या पायथॉनच्या फंक्शनकडे जातो. पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलची (किंमत साठवायच्या जागांची) नावं देवनागरीत चालतात, म्हणून लोकांना सोपं जावं असं ‘वजन’ हेच नाव ठेवलंय. सुपरवायझरांनी चौकटीत दोन ओळी लिहिल्या होत्या:

दर = 14
वजन * दर

खाली लाल अक्षरात ‘फॉर्म्युला चुकीचा’.

‘आता यात काय चुकलंय सांगा,’ ते म्हणाले. खरं तर काहीच नाही. हेच फाइलमध्ये लिहिलं तर बिनतक्रार चालतं. मी लॅपटॉपवर पायथॉन उघडून आधी वजन = 62 दिलं, मग त्यांच्या दोन्ही ओळी टाकल्या. पहिलीला पायथॉन गप्प. दुसरीला 868.

‘पहिलीला काहीच बोलला नाही की ओ!’

नेमकं तेच. ‘वजन * दर’ हे एक्स्प्रेशन, त्यातून किंमत हाती येते. ‘दर = 14’ हे स्टेटमेंट, ते काम करतं आणि मोकळं होतं. इव्हॅलला फक्त एक्स्प्रेशन लागतं. सुपरवायझर एक्सेलमध्ये मुरलेले. विचारलं, ‘एका सेलमध्ये बसून दुसऱ्या सेलला 14 दे, असा फॉर्म्युला लिहिता येतो का?’ मान हलवून म्हणाले, ‘नाही. त्या सेलचं उत्तर तेवढं येतं.’ पुढचं समजावायची गरजच उरली नाही.

सोबतच्या पोराचं म्हणणं, इव्हॅल काढून पायथॉनचंच दुसरं फंक्शन ‘एक्झेक’ लावू, त्यात स्टेटमेंटं चालतात. चालतात, पण मग त्या चौकटीतून इम्पोर्टही (बाहेरचं मॉड्यूल आत आणणं) चालेल, लूपही चालेल, आणि हाताला उत्तर तर येणारच नाही, कारण एक्झेक नेहमी ‘नन’, म्हणजे ‘काहीच नाही’, परत देतं. इव्हॅलही काही सोवळं नाही. म्हणून आम्ही फॉर्म्युला आधी कोडची रचना सुटी करून दाखवणाऱ्या ‘एएसटी’ मॉड्यूलने फोडून बघतो आणि मोजक्याच गोष्टी आत सोडतो. ‘मग कंसात (दर := 14)?’ पोरानं विचारलं. := हे नावाला किंमतही देतं आणि ती हातीही देतं, म्हणून तेही एक्स्प्रेशनच, पायथॉन ३.८ पासून, म्हणजे २०१९ पासून आहे. याच := वरच्या वादानंतर पायथॉनचे जनक ग्विडो व्हान रॉसम यांनी २०१८ मध्ये पायथॉनचं नेतृत्व सोडलं होतं. आमच्या यादीत ते मुद्दाम घेतलेलं नाही. बिलाच्या फॉर्म्युल्यात कुणी गुपचूप दर बदलत बसावं हे मला पटत नाही.

सुपरवायझरांना खरं हवं होतं ते वेगळंच: पन्नास किलोच्या वरच्या कास्टिंगला चौदा रुपये किलो, बाकीच्याला बारा. त्यासाठी इफ स्टेटमेंटही चौकटीत बसत नाही, पण एका ओळीतलं इफ-एल्स एक्स्प्रेशन बसतं:

वजन * (14 इफ वजन > 50 एल्स 12)

(इफ आणि एल्स टाइप करताना इंग्रजीतच हवेत.) त्यांनी सवयीनं ‘५०’ मराठी कीबोर्डवर टाइप केलं, तर परत लाल. कोडमधल्या आकड्याला मराठी अंक चालत नाहीत. गंमत म्हणजे तेच ‘५०’ स्ट्रिंग म्हणून, म्हणजे अवतरणात नुसती अक्षरं म्हणून, पूर्णांक करून देणाऱ्या ‘इंट’ला दिलं तर मुकाट्यानं 50 करून देतो.

बिल निघालं. लगेच सुपरवायझर म्हणाले, ‘आता शंभर किलोच्या वर तिसरा दर घालूया की.’ इफ-एल्समध्ये अजून एक इफ-एल्स कोंबता आलं असतं, पण पुढच्या महिन्यात ते कुणालाच वाचता आलं नसतं. त्यासाठी दरांचा वेगळा तक्ताच करून दिला. आणि तो लाल मेसेज बदलून टाकला: ‘इथे = ने दर ठेवता येत नाही, थेट उत्तर येईल असे लिहा.’