माळ्यावरून सुरू झालेलं दुकान: आमची वाटचाल

वाडा पाडायला घेतला त्या दिवशी भंगारवाल्याने माडीच्या दाराची पितळी कडी काट्यावर टाकली, आठशे ग्रॅमच्या वर भरली, तिचे पैसे लगेच मोजून दिले, आणि दार मात्र जळाऊ लाकडात घालून न्यायला निघाला. २०१२ सालची गोष्ट. बडोद्याच्या दांडिया बाजारातला आमच्या सासरचा वाडा, चार भावांचा, दोघं पुण्यात, एक कॅनडात, राहायला फक्त आम्ही आणि सासूबाई, मागच्या भिंतीला कायमची ओल, जिना हलत होता, त्यामुळे पाडायचं ठरलं यात कोणाची चूक होती असं मी आजही म्हणणार नाही. पण ते दार टेम्पोत चढताना बघून सासूबाई ओट्यावर बसून राहिल्या. म्हणाल्या, "बाळंतिणीची खोली होती गं ती, माझी चारही मुलं त्या दाराआड झाली."

दार उतरवून घेतलं. स्वतःच्याच दाराचे बाराशे रुपये भंगारवाल्याला दिले.

मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये ते कुठेच बसेना, एक अख्खा पावसाळा बाल्कनीत प्लास्टिक गुंडाळून उभं होतं आणि मी रोज त्याच्यावर कपडे वाळत घालायची. मग सासूबाईंच्या ओळखीचे एक मिस्त्रीकाका आले, गुजराती, रावपुऱ्यात आयुष्य काढलेलं, त्यामुळे मराठी आमच्यापेक्षा चांगलं बोलतात. त्यांनी दाराला नख लावलं आणि म्हणाले, "बेन, हा वलसाडी साग आहे, याला टेबल करा, तुमच्या नातवंडांपर्यंत पुरेल." बाहेरून दिसत होता तो नुसता हिरवा ऑइलपेंट. खरवडायला लागलो तर त्याच्याखाली गुलाबी, मग निळा, मग पुन्हा हिरवा, आणि सगळ्यात खाली काळपट झालेलं तेल. पंधरा दिवस लागले आम्हाला. दारावर कोरलेल्या कमळाच्या पाकळ्यांमध्ये रंग इतका मुरलेला की शेवटी बांबूची काडी टोकदार करून तिने काढला, लोखंडाने लाकूड ओरखडतं म्हणून. आणि मागच्या बाजूला, चौकटीला टेकणाऱ्या कडेवर, कोरलेले दोन शब्द निघाले जे कोणालाच वाचता येईनात. शेजारच्या एका आजोबांना मोडी येत होती, त्यांनी चष्मा काढून जवळ जाऊन वाचलं: माडी, दुसरं. म्हणजे सुताराने खाली अंगणात दारं बनवली असणार आणि कुठलं कुठे बसवायचं ती खूण. सासूबाई पन्नास वर्षं त्या घरात राहिल्या, त्यांनाही माहीत नव्हतं.

जुन्या लाकडातून फर्निचर आणि घरसजावट करून द्यायचा आमचा सगळा धंदा त्या टेबलातून निघाला, दुसरं कुठलंही प्लॅनिंग नव्हतं. जेवायला आलेला प्रत्येक जण विचारायचा, पहिली ऑर्डर नणंदेची, दुसरी तिच्या शेजारणीची, मग मिस्त्रीकाका आणि मी मुजमहुडाला एक शेड भाड्याने घेतली. बोर्ड बरीच वर्षं नव्हताच, लोक "जुन्या दारांवाल्या काकू" म्हणूनच पत्ता विचारत यायचे.

बडोद्यात हा माल का मिळतो ते बाहेरच्यांना सांगावं लागतं. गायकवाडांबरोबर इकडे आलेल्या मराठी घरांनी वाडे बांधले, चौक, ओसरी, माडी, सागाचे खांब, भिंतीतली फडताळं, कडीपाटाची छतं. त्यातला तांबेकर वाडा पुरातत्त्व खात्याने जपलाय, आतली भित्तिचित्रं बघायला अजून लोक येतात, पण बाकीच्या घरांना कोण जपणार, वाटण्या झाल्या की जागेला भाव येतो आणि लाकूड वजनावर जातं. आणि ते लाकूड आज नवीन मिळत नाही. मोठ्या वयाच्या झाडाचा गाभा, तेल भरपूर, शंभरेक वर्षं घरातल्या हवेत वाळलेला. आता बाजारात येतो तो साग लवकर तोडलेल्या झाडाचा, त्यात कडेचं पांढरं लाकूड जास्त, आणि किडा लागतो तो आधी त्या पांढऱ्या भागालाच.

किड्याचं मला फार महागात पडलंय. दुसऱ्याच वर्षी एक कपाट घेतलं, सुंदर, वरती रंगीत काचा, पॉलिश केलं, अकोट्याच्या एका घरी दिलं. चार महिन्यांनी त्या ताईंचा फोन, कपाटाखाली रोज पिठासारखी भुकटी पडते. गेले तर घुण. नुसतं कपाटात असतं तर निभावलं असतं, पण शेजारच्या नवीन सोफ्याच्या लाकडातही बारीक बारीक भोकं दिसायला लागली होती. कपाट परत आणलं, पैसे परत दिले, सोफ्याची फ्रेमही आम्हीच बदलून दिली, त्या वर्षी हातात काही राहिलं नाही. ताई ओरडल्या नाहीत, आणि त्याचंच मला जास्त लागलं. तेव्हापासून शेडमध्ये आलेली कुठलीही लाकडी वस्तू महिनाभर काळ्या कागदावर उभी राहते. काळा यासाठी की भुकटी लगेच दिसते. पडली तर प्रत्येक भोकात सिरिंजने औषध, वर मेण, आणि पुन्हा महिना. गिऱ्हाईक घाई करतं, तरी देत नाही.

दुसरी खबरदारी रंगाची, आणि हे घरी स्वतः करणाऱ्यांनी प्लीज मनावर घ्या. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याच्या आधीच्या, विशेषतः जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं भरपूर असू शकतं. असा दरवाजा कोरड्या सँडपेपरने घासला की ती धूळ घरभर, आणि लहान मुलांना सगळ्यात वाईट. आम्ही पाण्याचा फवारा मारत ओल्यातच खरवडतो, खाली प्लास्टिक, तोंडाला चांगला मास्क, आणि निघालेला रंग झाडूने न लोटता ओल्या फडक्याने गोळा करतो. गरोदर बाई घरात असेल तर काम तिथे करतच नाही, दार शेडवर आणतो.

पॉलिशचं सांगायचं तर चपडा, म्हणजे लाखेचे पापुद्रे, स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने हातावर हात देणं हे मिस्त्रीकाकांचं आवडतं काम, त्याला जी खोली येते ती स्प्रेने येत नाही. पण जेवायच्या टेबलाला चपडा नको. आमच्याच टेबलावर पहिल्या आठवड्यात आमटीच्या पातेल्याचा पांढरा गोल उठला होता. कपाट, आरसा, पेटारा यांना चपडा, टेबलाला वेगळ्या प्रकारचा कोट. आणि संखेड्याचा झोपाळा किंवा खुर्ची आली तर हीट गन (रंग सोडवायला गरम हवा मारणारं यंत्र) लांब ठेवायची, कारण ते लाखकाम आहे, उष्णता लागली की वितळतं. संखेडा इथून तासा-दीड तासावर, तिथल्या खरादींकडेच, म्हणजे लाकूड कातणाऱ्या कारागिरांकडे, आम्ही पाय नाहीतर दांड्या परत करून घेतो, तो मरून-सोनेरी रंग दुसऱ्याच्या हाताने जमत नाही.

२०१६ पासून अलंगला जायला लागलो. भावनगरच्या पुढे पन्नासेक किलोमीटर, १९८३ पासून तिथे किनाऱ्यावर जहाजं तोडतात, आणि त्रापजकडून आत वळलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानंच दुकानं, एकात नुसत्या गाद्या, एकात कपबश्या, एकात किचनची स्टीलची टेबलं, एकात पितळी दिवे आणि गोल खिडक्या. पहाटे चारला निघायचं, दहापर्यंत पोचायचं. पहिल्यांदा गेले तेव्हा दिसेल ते उचलावंसं वाटलं. आता मी दिवे, खुर्च्या, क्रॉकरी आणि लॉकर घेते, केबिनमधलं लाकडी दिसणारं फर्निचर बरंचसं लॅमिनेट असतं ते सोडते, आणि भिंतीचे पॅनल तर हातही लावत नाही, जुन्या जहाजांच्या पॅनलमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते कापलं की फुप्फुसात. दिव्यांच्या आतली वायर पूर्ण काढून आपल्या २३० व्होल्टसाठी नवीन घालतो, धातूचा दिवा असेल तर अर्थिंग असलंच पाहिजे.

एवढं सगळं असलं तरी नवीन गिऱ्हाइकाकडे मी कधीच वस्तू घेऊन जात नाही. पहिल्या दिवशी शिडी घेऊन जाते आणि म्हणते, माळा उघडा. ही माझी अट आहे. लोक फोटो दाखवतात, असं कॅफेसारखं करून द्या, आणि त्यांच्याच माळ्यावर आजीची बरणी, पाट, ताटाळं, तांब्याचं घंगाळ पडलेलं असतं. दुसऱ्याच्या पडक्या घरातली वस्तू विकत आणून लावायची आणि स्वतःची भंगारात द्यायची, हे मला पटत नाही, मग भले माझं बिल कमी होवो.

कारेलीबागेतल्या एका रिटायर्ड शिक्षिका आजींचं घर मला सगळ्यात आवडतं. त्यांचं बजेट लहान, मुलगा म्हणत होता आई सगळं नवीन घेऊ. माळ्यावरून निघाले अकरा पाट. अकरा! पूर्वी त्यांच्याकडे पंगती बसायच्या. कोणाच्या कडेला पितळी फुली, कोणाला नुसते खिळे, दोन तडकलेले. नऊ पाट आम्ही जिन्यालगतच्या भिंतीवर चढत्या ओळीत शेल्फ म्हणून लावले, घासून पॉलिश केलं पण बसून बसून पडलेले खळगे तसेच ठेवले. तडकलेले दोन जोडून देवघरासमोर त्यांना बसायला बैठक केली. घंगाळात मनीप्लांट, पण त्याला भोक पाडलं नाही, आत वेगळी कुंडी बसवली, उद्या कोणाला परत त्यात आंघोळीचं पाणी काढावंसं वाटलं तर. आणि त्यांची एक जीर्ण नऊवारी होती, अंग विरलेलं पण काठ पक्के, ते काठ काढून साध्या मांजरपाटाच्या पडद्यांना वर आणि खाली लावले. आजी प्रत्येक पाटाकडे बोट दाखवून सांगत होत्या, यावर मामंजी बसायचे, हा धाकट्या दिरांचा. मुलाने हे कधी ऐकलंच नव्हतं, तो जिन्यात उभा राहून ऐकत होता.

काही कामं मी नाही म्हणते. समईला भोक पाडून टेबललॅम्प नाही. देव्हाऱ्याचं बार कपाट नाही. चालू शिलाई मशीनचं टेबल नाही, मशीन चालत असेल तर ते शिवणाऱ्या बाईकडे गेलं पाहिजे, आम्ही तशी सहा-सात दिलीत. वस्तू तिच्या कामाला येत असेल तर तिला शोभेची करू नये असं मला मनापासून वाटतं.

धंद्यात फसवणूकही झाली, एका ठेकेदाराने वाड्याचे बारा खांब आम्हाला कबूल करून आगाऊ रक्कम घेतली आणि रातोरात दुसऱ्या शहरातल्या व्यापाऱ्याला दिले, पैसे अर्धेच परत आले. आता कागदावर लिहून घेते आणि घर उतरवताना आमचा माणूस तिथे हजर असतो.

पण खरा धक्का विश्वामित्री नदीच्या पुराचा. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळजवळ ५०० मिलीमीटर पाऊस, तेव्हा शेडमध्ये गुडघाभर पाणी, निभावलं. ऑगस्ट २०२४ ला मात्र पाणी छातीपर्यंत आलं आणि हललंच नाही. तीन दिवसांनी आत जाता आलं, तेही काठी आपटत, कारण विश्वामित्रीतल्या मगरी पुरात वस्तीत शिरतात हे इथे प्रत्येकाला माहीत आहे. आत सगळं चिखलाच्या रंगाचं. गाद्या, पडदे, गिऱ्हाइकांसाठी बनवलेले प्लायचे खोके, सगळं गेलं. मी दारातच बसले. मिस्त्रीकाकांनी पाइप लावला आणि एक जुनं फडताळ धुवायला घेतलं, काही न बोलता.

ती साफसफाई चालू असतानाच रस्त्यावर बघत होते, घराघरातून फुगलेले वॉर्डरोब, पार्टिकल बोर्डचे बेड, टीव्ही युनिट बाहेर येऊन पडत होते, ढीगच्या ढीग, तीन-चार वर्षांचं फर्निचर. आणि आमचं सागाचं सामान सावलीत, विटांवर उचलून, ड्रॉवर बाहेर काढून, सहा आठवडे वाळवलं. उन्हात ठेवलं असतं तर तडकलं असतं. सरसाने चिकटवलेले सांधे सुटले, ते परत जोडले, पण खाचेत बसवून लाकडी खुंट्या मारलेले सांधे तसेच्या तसे. एकूण सत्तेचाळीस वस्तूंपैकी एकेचाळीस वाचल्या. मग लोकच यायला लागले, काकू आमचं पण बघा ना, पुरात बुडालंय. त्या दिवाळीपर्यंत आम्ही सजावटीचं एकही काम घेतलं नाही, फक्त दुरुस्ती, आणि ज्यांच्याकडे खरंच काही उरलं नव्हतं त्यांच्याकडून फक्त सामानाचा खर्च.

आता शेड तिथेच आहे पण सगळं लाकूड सहा फुटांच्या लोखंडी मचाणावर, खाली फक्त काम चालतं. मिस्त्रीकाकांचे डोळे कमी झालेत, खरवडायचं काम फाईन आर्ट्सच्या दोन मुली करतात आणि ते शेजारी खुर्ची टाकून बोटाने चाचपून सांगतात कुठे रंग राहिलाय. सासूबाई २०२१ मध्ये गेल्या. माडी, दुसरं, हे टेबल आमच्याच घरी आहे, त्यावर अजून तो पांढरा गोल आहे.

यायचं असेल तर चारनंतर या, सकाळी खरवडणं चालू असतं आणि लहान मुलांना तर सकाळी आणूच नका. खोलीचा फोटो आणा, दाराचं माप घ्याल तर चौकटीसकट घ्या, आणि येण्याआधी माळा एकदा उघडून बघा.