परतीची गाडी

१४ सप्टेंबर, रात्र

आज संगम माहुलीला, बाबांना जिथं अग्नी दिला तिथं, जाऊन आलो. आई, बाळू आणि मी. बाबांना जाऊन तीन महिने झाले, आणि बाळूला तिथं आज नेलं. न्यायला हवं होतं १२ जूनलाच. उद्या ऑफिस सुरू झालं की यातलं निम्मं विसरेन म्हणून आजच लिहून ठेवते. दुसऱ्या कुठल्या घरावर ही वेळ आली तर त्यांचे तीन महिने आमच्यासारखे जाऊ नयेत, असं मनापासून वाटतं.

बाळू माझा धाकटा भाऊ. वय ३१. ऑटिझम, आणि सोबत बौद्धिक दिव्यांगता. त्याच्या लहानपणीच्या दाखल्यावर नुसतं 'मतिमंद' लिहिलेलं होतं, कारण दिव्यांगांसाठीच्या १९९५ च्या कायद्यात ऑटिझमला जागाच नव्हती. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आले, तेव्हा दाखला बदलून घेतला. ऑटिझम असलेल्याला मराठीत 'स्वमग्न' म्हणतात. मला तो शब्द कधीच पटला नाही. बाबा सातारा डेपोत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी दूध आणायला जायचे आणि सहा दहाला फाटकाची कडी वाजायची. सहा बाराला वाजली नाही की बाळू फाटकाशी हजर. स्वतःतच मग्न असलेला माणूस दुसऱ्याची अशी वाट बघतो का?

१२ जूनला दुपारी बाबांना हार्ट अटॅक आला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. घरी माणसं जमली आणि कुणीतरी म्हणालं, "बाळूला इथं नको. त्याला काय कळतंय, उगाच घाबरेल." शेजारच्या काकूंकडे त्याला टीव्हीसमोर बसवलं. मीच नेऊन बसवलं. रात्री परत आणला तेव्हा बाबांच्या खाटेवरची गादी गुंडाळलेली होती आणि आई भिंतीला टेकून बसली होती. त्यानं विचारलं, "बाबा?" आई म्हणाली, "बाबा देवाघरी गेले रे."

तो सरळ स्वयंपाकघरात गेला.

आमचं देवघर ओट्याच्या बाजूला आहे, जुनं, सागवानी, दोन दारांचं. त्यानं दारं उघडली, आत पाहिलं, लावून घेतली. थोड्या वेळानं परत उघडली. दुसऱ्या दिवशी अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण बाहेर काढून ठेवले आणि मागच्या फळीवर हात फिरवला. पुढचे कित्येक दिवस हेच चाललं होतं. तेराव्याला आलेल्या आत्या म्हणाल्या, "बघ, त्याला बरोबर कळतंय, देवाजवळ जातो." मलाही ते ऐकून बरं वाटलं. तो बाबांना शोधत होता, हे मला जवळजवळ दोन महिन्यांनी दुसऱ्या कुणीतरी सांगितलं.

मध्ये मीही एक प्रयत्न केला होता. त्याच्या भाषेत सांगावं म्हणून म्हटलं, "बाळू, बाबांचा शेवटचा स्टॉप आला. ते उतरले." त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "परतीची गाडी कधी?" मी काही बोलूच शकले नाही. त्या दिवसापासून सहा दहाला फाटकाशी उभं राहणं वाढलं. आधी पाच मिनिटं उभा राहायचा, तो आता अंधार पडेपर्यंत राहू लागला. गाडी लेट आहे असं मीच त्याच्या डोक्यात घातलं होतं.

जुलैत तो स्वतःला मारायला लागला. उजव्या हाताची मूठ, जबड्यावर, दणादण. झोप गेली. रात्रभर बाबांच्या आवाजात "चला, पुढं सरका, पुढं सरका" सुरू. दहीभात बंद. आईला एकदा त्यानं ढकललं, ती दारावर आपटली. मग आम्ही डॉक्टरांकडे गेलो. घरात मृत्यू झालाय हे मी सांगितलं. त्यांनी फाइलवरचं निदान वाचलं आणि म्हणाले, "ऑटिझममध्ये हे होतंच." त्याच्याकडे बघून एक वाक्य नाही. रिस्पेरिडोनचा, म्हणजे चिडचिड आणि आक्रमकपणा कमी करायच्या गोळीचा, डोस वाढवून मिळाला. मी गोळ्यांच्या विरोधात नाही, काही दिवस त्या गोळीनंच आम्हाला झोप दिली. पण तो दिवसभर पेंगायचा, सारखं खायला मागायचा, आणि सहा दहाला पेंगत पेंगतच फाटकाशी जायचा.

समुपदेशनासाठी तिघांना फोन केले. तिघांचंही एकच म्हणणं, तो नीट बोलत नाही, मग समुपदेशन कसं करणार? गोळ्या आणि वर्तनावर काम, एवढंच. मला त्या तिसऱ्या फोननंतर फार रडू आलं. बाप गेलाय त्याचा. दुसऱ्या कुणाचा गेला असता तर माणसं पिठलंभात घेऊन आली असती, शेजारी बसली असती, आठवणी काढल्या असत्या. याच्या वाट्याला डोस आला.

चौथा फोन पुण्याच्या एका मॅडमना. त्या बौद्धिक दिव्यांग प्रौढांसोबत काम करतात. मी सगळं भडाभडा सांगितलं आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मनाबद्दल नव्हताच. "दात तपासलेत? कान? पोट साफ होतं?" जबड्यावर मारतोय तर आधी जबडा बघा. दुखणं सांगता येत नाही तेव्हा माणूस कधीकधी दुखतं तिथं मारून घेतो. डेंटिस्टकडे नेलं तर उजवीकडची खालची दाढ किडून आत पू झालेला. भूल देऊन काढावी लागली. मारणं निम्म्यावर आलं. एवढे दिवस त्याची दाढ ठणकत होती आणि आम्ही त्याला 'हात खाली' म्हणत होतो.

उरलेलं निम्मं मनाचं होतं.

पुण्यातली पहिली भेट मला जशीच्या तशी आठवते. सकाळची गाडी, खंबाटकी घाटात तासभर अडकलेलो, बाळू कानावर हात ठेवून. मॅडमनी आम्हाला बघून आधी ट्यूबलाइट बंद केली, ती बारीक गुणगुणत होती. पंखा ठेवला. मग त्याच्या समोर न बसता तिरक्या बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला काय नावानं हाक मारू?"

तुम्ही. ३१ वर्षांच्या माझ्या भावाला पहिल्यांदा कुणीतरी 'तुम्ही' म्हणालं होतं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानंच थांबवलं. नंतर कळलं, त्या प्रश्न विचारून मनात दहा अंक मोजतात. आपण दोनवर पोचतो न पोचतो तोच प्रश्न बदलून परत विचारतो आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. बाळूनं खिशातून दिव्यांग कार्ड काढलं, त्यावर बोट ठेवलं आणि पूर्ण नाव वाचलं. स्वतःचं, मग बाबांचं, मग आडनाव. जूननंतर बाबांचं नाव त्याच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आई पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

त्या भेटीत फक्त चित्रं झाली. माणसाच्या शरीराची बाह्यरेषा, त्यावर दुखतं तिथं लाल टिकली. त्यानं एक दाढेच्या जागी लावली, एक छातीवर. देवघराचं मी सहज सांगितलं, वेगळं काही म्हणून नाही. मॅडम थांबल्या. "तुम्ही त्यांना काय शब्द सांगितला होता?" मी म्हटलं, देवाघरी. आणि सांगता सांगताच मला कळलं.

दुसऱ्या भेटीत मी त्यांना विचारलं, हे डॉक्टरांना का दिसलं नाही? त्यांनी १९८२ च्या एका प्रयोगाचं सांगितलं. अमेरिकेत स्टीव्हन रीस आणि सहकाऱ्यांनी मानसशास्त्रज्ञांना एकाच त्रासाचं वर्णन वाचायला दिलं होतं, माणूस भीतीनं हैराण झालाय असं. काहींच्या कागदावर त्या माणसाला बौद्धिक अक्षमता आहे असंही लिहिलेलं होतं. तेवढ्या एका ओळीनं भीतीचं निदान व्हायचं प्रमाण घसरलं. म्हणजे मोठ्या निदानाची सावली पडते आणि तिच्याखाली बाकीचं दिसेनासं होतं. आणि १९९७ चा लंडनचा अभ्यास, शीला हॉलिन्स यांचा: आईवडिलांपैकी एक गेलेली ५० बौद्धिक दिव्यांग प्रौढ माणसं, आणि तुलनेला तशीच, पण आईवडील न गेलेली दुसरी ५०. ज्यांचं माणूस गेलं होतं त्यांच्यात चिंता, नैराश्य, वागण्यातले बदल जास्त होते, पण सांभाळणाऱ्यांनी बहुतेक वेळा ते दुःखाशी जोडलेच नव्हते. १९९७! आमच्या घरातलं सगळं तेव्हाच कुणीतरी लिहून ठेवलेलं होतं.

कायदाही मी वाचला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतून बौद्धिक अक्षमता बाहेर ठेवली आहे. ते बरोबरच आहे, तो आजार नाही. पण त्याचा अर्थ असा नाही की अशा माणसाला मानसिक आजार होतच नाही. झाला तर उपचारांचा हक्क त्यालाही तेवढाच आहे. व्यवहारात मात्र दिव्यांगांसोबत काम करणारे म्हणतात मानसोपचारांकडे जा, आणि तिथले म्हणतात हा दिव्यांगांचा विषय.

मग आम्ही फोटोंची गोष्ट बनवली. आठ पानं, वहीच्या जाड कागदाची. बाबा डेपोत, बाबा आणि बाळू गणपतीत, बाबांची खाट, दवाखान्याचं दार. प्रत्येक पानावर एकच वाक्य. पाचव्या पानावर आमचं अडलं. मॅडम म्हणाल्या, 'मेले' लिहा. आई तयार होईना. "वारले लिही, गेले लिही. माझ्या नवऱ्याला मेले म्हणू?" मॅडमनी तिला घाई केली नाही. एवढंच म्हणाल्या, "गेले म्हटलं की तो येण्याची वाट बघणार. तुमचा शब्द चुकीचा नाही, पण तो त्याच्यासाठी नाही." आठ दिवसांनी एका सकाळी आईनं स्वतःच पेन घेतलं. 'बाबा मेले. बाबांचं शरीर बंद पडलं. ते श्वास घेत नाहीत. ते परत येणार नाहीत.' एवढं तिनं एका ओळीखाली एक लिहिलं आणि उठून पोळ्या करायला लागली.

रोज रात्री वही वाचायची. मी वाचते, तो पान उलटतो. पहिल्या दिवशी पाचव्या पानावर त्यानं स्वतःला मारलं. सहाव्या दिवशी पान नुसतंच धरून ठेवलं.

आणि आज माहुली. कधी जायचं ते त्यानंच कॅलेंडरवर खूण करून ठरवलं होतं. कृष्णा भरून वाहत होती, वेण्णेचं पाणी तिच्यात गढूळ होऊन मिसळत होतं. जिथं अग्नी दिला ती जागा मी दाखवली. "इथं बाबांचं शरीर जाळलं. त्यांना दुखलं नाही. शरीर बंद पडलेलं होतं." त्यानं विचारलं, "किती वाजता?" मी म्हटलं, साडेसातला. "राख?" मी नदी दाखवली. तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. मग खिशातून बाबांचा जुना तिकीट पंच काढला, पाचसहा वेळा टिकटिक केला आणि म्हणाला, "परतीची गाडी नाही."

मी म्हटलं, "नाही."

तो रडला नाही. एकदा मूठ जबड्यापर्यंत नेली आणि खाली आणली. आई रडली, आणि तो तिच्याकडे न बघता तिच्या पदराचं टोक धरून उभा राहिला, गाडीत बसेपर्यंत.

१५ सप्टेंबर

पहाटे चारला उठून त्यानं "पुढं सरका" सुरू केलं. वीसेक मिनिटं. कालच्यानंतर सगळं थांबेल असं मला आतून कुठंतरी वाटत होतं, ते काही खरं नाही. मॅडमनी सांगितलंच होतं, दुःख वाढेल सुद्धा, आता ते खरं झालंय. संध्याकाळी सहा दहाला फाटकाशी गेला, कडी वाजवून बघितली आणि आत आला.

आईसाठी १४४१६ ला फोन लावला. टेली-मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, २०२२ पासून, मराठीत बोलतात. तिनं पंधरा मिनिटं बोलून घेतलं. तीन महिन्यांत तिला कुणी 'तुम्ही कशा आहात' विचारलंच नव्हतं. मीही नाही.

१८ सप्टेंबर

कागदपत्रांचं काढलं आज. बाबा होते तोवर पालकत्वाचा विषय आम्ही टाळला. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते. अर्ज माझ्या नावानं करायचा ठरलं. बाळूच्या निरामय विम्याचं, म्हणजे दिव्यांगांसाठीच्या आरोग्य विम्याचं, नूतनीकरणही राहिलं होतं, तेही केलं. वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे. पुण्याच्या भेटींचं त्यातून किती मिळेल ते बघायचं.

मी आणि आई सह्या करत होतो. बाळू शेजारी बसून वही उलटत होता. पाचव्या पानावर थांबला आणि आईकडे बोट करून विचारलं, "आई कधी?"

माझ्या हातातलं पेन तिथंच थांबलं. जीभेवर सगळी जुनी वाक्यं आली होती, असं बोलू नये, शुभ बोल. आईनं माझ्याकडे बघितलंही नाही. चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि मनात काहीतरी मोजत असल्यासारखी थांबली.

"माहीत नाही रे," ती म्हणाली. "पण मी मेले की ताई तुला सांगेल. त्याच दिवशी सांगेल. आणि माहुलीला तुला घेऊन जाईल."

तो माझ्याकडे वळला. माझ्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघत होता. "किती वाजता सांगेल?"

"लगेच," मी म्हटलं. "जितके वाजले असतील तितक्या वाजता."

त्यानं माझ्या हातातलं पेन घेतलं आणि शेवटच्या कोऱ्या पानावर मला ते लिहायला लावलं. पुढच्या गुरुवारी पुण्याला जाताना वही सोबत घ्यायची आहे.