लग्नाचं खोटं वचन: तक्रार नोंदवतानाचा माझा अनुभव

तक्रार करायची ठरवली तेव्हा घरचे म्हणाले, "लोक काय म्हणतील?" वकीलबाईंनी मात्र वेगळंच विचारलं, "तो लग्न करीन म्हणाला, तेव्हा त्याला खरंच करायचं होतं का?"

या वकीलबाई मला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळाल्या. बाईचं उत्पन्न कितीही असो, तिथे वकील मोफत मिळतो. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ६९ नुसार लग्नाचा इरादा नसताना तसं वचन देऊन शरीरसंबंध ठेवले, तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. पण वचन मनापासून दिलं आणि पुढे मोडलं, तर तो गुन्हा नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात हा फरक सांगून गुन्हा रद्द केला होता. ऐकून माझे हातपाय गळाले. तरी हा फरक मला पटतो. घरच्यांच्या विरोधापुढे कुणी नमलं, म्हणून त्याला तुरुंगात घालू नये. माझ्या बाबतीत तसं घडलेलंच नव्हतं.

आमची ओळख होण्याआधीच गावाकडे त्याचा साखरपुडा झाला होता. त्याच्या एका नातेवाइकाने फेसबुकवर टाकलेल्या फोटोत मागच्या फलकावर दोघांची नावं आणि तारीख स्पष्ट दिसत होती. त्यानंतर कितीतरी दिवसांनी त्याने मला लिहिलं होतं, "आईला तुझ्याबद्दल सांगितलंय, दिवाळीनंतर बोलणी करू."

पोलीस ठाण्यात महिला उपनिरीक्षकांनी माझी फिर्याद घेतली. या गुन्ह्यात ती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते. त्या सौम्यपणे बोलल्या, मध्येच चहाही मागवला. टाइप केलेली पानं सहीसाठी समोर आली. भेटी, हॉटेल, शेवटचा नकार, सगळं होतं. साखरपुड्याची तारीख तेवढी नव्हती. "ते तपासात येईल ना," त्या म्हणाल्या. मी पेन खाली ठेवलं. तारीख आणि तो मेसेज शब्दशः घातल्यावरच सही केली. एफआयआरची प्रत विनाशुल्क मिळते, ती घेऊनच निघाले.

पुढे वैद्यकीय तपासणी झाली, माझ्या संमतीनेच. न्यायदंडाधिकारी बाईंनी जबाब घेताना पोलिसांना बाहेर थांबवलं, तेव्हा कुठे मला मोकळेपणाने बोलता आलं. चॅटच्या प्रिंटसोबत साक्ष अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या कायद्याच्या, कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं; प्रिंट कोणत्या फोनमधून, कशी काढली हे त्यात लिहिलेलं असतं. मूळ मेसेज फोनमधून उडवले असते, तर काही हाती राहिलं नसतं.

त्याला अटकपूर्व जामीन मिळाला. "मुलगी सज्ञान आहे, शिकलेली आहे, स्वखुशीने गेली," असा त्याच्या वकिलांचा युक्तिवाद होता. गेले होते स्वखुशीनेच. पण साखरपुडा झालेला माणूस समोर आहे हे ठाऊक असतं, तर गेले नसते, आणि हेच मला न्यायालयात सांगायचं आहे.

दोषारोपपत्र दाखल झालंय. खटला सत्र न्यायालयात चालेल. साखरपुड्याचे फोटो काढणाऱ्या फोटोग्राफरचं नाव साक्षीदारांच्या यादीत आहे.