आमची वाटचाल : बंडीच्या चाकापासून चरख्याच्या चाकापर्यंत

वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यात आमच्या गावात आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या सुतारकामाचं. आजोबांनी बंड्या म्हणजे बैलगाड्या केल्या, बाबांनी बंड्यांसोबत वखर, डवरे, तिफणी अशी शेतीची अवजारं केली. ट्रॅक्टर आले तसं बंडीचं काम आटलं. चरख्यांची दुरुस्ती मात्र कधी बंद पडली नाही, कारण सेवाग्राम, पवनार, गोपुरी हा सगळा शेजार नेमाने कातणाऱ्यांचा. कोणाची चाती, म्हणजे सुताला पीळ देणारी टोकदार लोखंडी सळई, वाकलेली असायची, कोणाच्या चाकाचा आरा निसटलेला. चरखा हातात आला की बाबा म्हणायचे, "अगोदर चाती पाय, मंग चाक पाय." आमचा धंदा उभा राहिला तो याच सवयीवर.

आजही कारखान्यातून चरखा बाहेर पडण्याआधी त्याची चाती काचेच्या तुकड्यावर लोळवून बघतो. काच आणि चाती यांच्यामधून कुठे उजेडाची फट दिसली, तर ती पुन्हा ठोकून सरळ करायची. केसाएवढा बाक असला तरी टोक थरथरतं आणि शिकणाऱ्याचा धागा वारंवार तुटतो. माणसाला वाटतं आपला हातच बसत नाही. अशी निराश होऊन कताई सोडून दिलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

दुरुस्तीतून नव्या चरख्यांकडे वळलो ते लोक विचारू लागले म्हणून. नागपूर-पुण्याची तरुण मंडळी सेवाग्राम पाहायला येत, तिथून आमच्याकडे येत. प्रश्न ठरलेला : पहिला चरखा कोणता घेऊ? आम्ही उलट विचारतो, कातणार काय? कापूस की लोकर? पायाने चालवायचा, आपोआप सूत ओढून घेणारा परदेशी पद्धतीचा चरखा लोकरीला उत्तम. आपल्या आखूड धाग्याच्या देशी कापसाला तो बहुतेक वेळा झेपत नाही. पुरेसा पीळ बसायच्या आत सूत ओढलं जातं आणि तुटतं. म्हणून लोकरवाल्यांना आम्ही सरळ सांगतो की तुमचा चरखा आमच्याकडे नाही.

कापूस म्हटला की सगळा खेळ पिळाचा. सुताचा नंबर जितका मोठा तितकं ते बारीक; सोळा नंबरी सुताला इंचाला साधारण १६ पीळ लागतात. एका ओढीत हात दोन फूट मागे गेला, तर तेवढ्या धाग्यासाठी चातीने ३८०च्या वर फेरे घ्यायला हवेत. उभ्या चरख्याचं चाक २४ इंचांचं आणि चातीवरची पुली अर्ध्या इंचाची असेल, तर चाकाच्या एका फेऱ्यात चाती ४८ वेळा फिरते, म्हणजे दर ओढीला चाक आठ वेळा फिरवायचं. पेटीत बसवलेल्या पेटी चरख्यात दोन चाकं एकमेकांना जोडलेली असल्याने फेरे बरेच कमी लागतात. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी ज्याच्यावर खटपट केली तो हाच. पेटी सुटसुटीत, प्रवासात नेण्याजोगी, पण तिची चाती इतक्या वेगाने फिरते की नवख्याचा हात मागे पडतो आणि सुताच्या गाठी होतात. त्यामुळे नव्या माणसाला मी आधी टकळी, म्हणजे बोटांनी फिरवायची बिनचाकाची चाती, देतो. धागा कसा लांबतो, पीळ कुठे थांबतो हे बोटांना टकळीवर कळतं. मग उभा चरखा किंवा किसान चरखा. किसान चरख्यात पेटीसारखीच दोन चाकं असतात, पण सगळं उघडं, काय कुठे अडलं ते डोळ्याला दिसतं. अंबर चरखा अनेक चात्यांचा, उत्पादन केंद्रासाठी आहे. घरी शिकायला तो नको.

गुडघे दुखत असतील तर खाली बसून कातायचा चरखा घेऊच नये. अशांसाठी आम्ही उंच चौकटीचा करून देतो.

१९२९ मध्ये गांधीजींच्या चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. अटी अशा की किंमत १५० रुपयांच्या आत हवी, यंत्र वीस वर्षं टिकावं आणि वर्षाची दुरुस्ती किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. बक्षीस कोणालाच मिळालं नाही, पण दुरुस्तीची ती अट आम्ही उचलली. आमच्या चरख्यात चाती आणि माळ, म्हणजे चाकावरून चातीला फिरवणारी दोरी, घरच्या घरी बदलता येते, चौकटीला खिळा नाही, पाचरी आहेत. विदर्भाच्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं, पाचर ठोकली की पुन्हा घट्ट. चौकट सागवानाची, चाकाचा तुंबा, म्हणजे मधला गड्डा, बाभळीचा, बंडीसारखाच.

चरखे जाऊ लागले तशी पेळूंची, म्हणजे कातण्यासाठी पिंजलेल्या कापसाच्या वळ्यांची, मागणी आली. कातणं बिघडतं ते निम्म्याहून अधिक वेळा पेळूमुळे. गठ्ठ्यांत दाबून बांधलेली रुई पिंजायला जड जाते, तंतू मोडतात. म्हणून आम्ही आसपासच्या शेतकऱ्यांकडून वेचणीचा स्वच्छ देशी कापूस घेतो. बीटी कापसाचं बियाणं २००२ साली आलं आणि इथल्या वावरांतून देशी पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, झपाट्याने मागे हटली. तरी काही जण कडेच्या तासांना ती अजून लावतात, त्यांना आम्ही बाजारापेक्षा जास्त भाव देतो. पेळू गावातल्या बाया करतात. बोटाएवढा जाड, सैलसर, दोन्ही टोकांना सारखा. घट्ट वळलेला पेळू त्या स्वतःच बाजूला काढतात, मला सांगावं लागत नाही.

उन्हाळ्यात दुपारी कातू नका, असं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. कोरड्या हवेत सूत कमजोर पडतं. पहाटे काता, किंवा जवळ ओलं फडकं टांगा. आणि घेण्याआधी वर्ध्याचं मगन संग्रहालय जरूर पाहा. १९३८ पासूनचं आहे, तिथे तऱ्हेतऱ्हेचे चरखे शेजारी-शेजारी बघायला मिळतात. पाहून आलेला माणूस आमच्याकडे नेमकं बोलतो.

चरखा मागवलात तर लाकूड वाळलेलं असेल तेव्हाच तो मिळेल, घाई आम्ही करत नाही. सोबत दोन जादा चात्या आणि माळेची दोरी असते. देशी कापसाचे पेळू दिवाळीनंतर, नवा कापूस घरात आला की.