कुंभार्ली घाटात उणे चाळीस अंश

जून २०२४. बाबांना डोळे तपासायला कराडला घेऊन चालले होते. चिपळूण सोडलं तेव्हा नुसती रिपरिप होती. कुंभार्ली घाट लागला आणि पावसाने असा जोर धरला की वायपर पुरेनात. तिसऱ्या-चौथ्या वळणावर चेक इंजिनचा दिवा लागला, गाडीने दोन गचके खाल्ले आणि रेडिएटरचा पंखा जो सुरू झाला तो थांबेचना. जरा रुंद जागा बघून गाडी कडेला घेतली आणि फोनवर गाडीचे आकडे दाखवणारं ॲप उघडलं. कुलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान उणे ४० अंश. इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान, तेही उणे ४०.

"काय म्हणतंय?" बाबांनी विचारलं.

"उणे चाळीस."

"मग पंखा कशाला फिरतोय?"

बाबांचा प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तर असं की तापमानाच्या सेन्सरवर भरवसा उरला नाही की इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएम, धोका पत्करत नाही. इंजिन तापू नये म्हणून पंखा सरळ चालू ठेवतो. म्हणजे त्यालाही उणे चाळीस पटलेलं नव्हतं. पण हे मला नंतर उमगलं.

गाडी पेट्रोलवरची हॅचबॅक, बाबांनी निवृत्तीच्या पैशातून २००९ साली घेतलेली. खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की पुनर्नोंदणी करावी लागते. त्यासाठी गाडी आरटीओच्या तपासणीला न्यायची, ती पास झाली की पुढची पाच वर्षं मिळतात. त्याची तयारी म्हणून मे महिन्यात पीयूसी काढायला गेले आणि गाडी नापास झाली. कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के, आमचा आकडा १.३. "आता कशाला खर्च करताय, देऊन टाका," असं तिथे कोणी तरी म्हणालं. बाबा घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

पहिल्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. कोड आला पी ०१७२, म्हणजे मिक्स्चर रिच, हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. त्यांनी धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर बदलला, कोड पुसला, साडेचार हजार घेतले. आठवड्याने दिवा परत लागला. दुसऱ्या गॅरेजने हवेच्या दाबाचा मॅप सेन्सर बदलून पाहिला आणि शेवटी सांगितलं की ईसीएमच गेलाय, जुना मिळवून बसवू, अठ्ठावीस हजार तयार ठेवा. त्या संध्याकाळी मी स्वतः शिकायचं ठरवलं. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. व्होल्टेज मोजता येतं आणि गाडीत शेवटी मोजायचं तेच असतं.

स्टीअरिंगच्या खाली गुडघ्यापाशी १६ पिनांचं सॉकेट असतं. भारतात ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखून कोडमध्ये सांगायची पद्धत, एप्रिल २०१३ पासून सक्तीची झाली, पण त्याआधीच्याही पुष्कळ इंजेक्शनच्या गाड्यांना हे सॉकेट असतं. त्यात लावायचा ब्लूटूथ ॲडॅप्टर हजाराच्या आत मिळतो. मी घेतलेला पहिला आमच्या गाडीशी बोलेचना, दुसरा बोलला. जुन्या गाड्यांत ही बोलणी बहुतेक ७ नंबरच्या पिनेवरच्या एकाच तारेतून चालतात आणि फार संथ असतात. स्क्रीनवर वीस आकडे लावले की एकही वेळेवर येत नाही. चारच निवडा.

कोडची भाषा अवघड नाही. पहिलं अक्षर पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा भाग. पुढे ० असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना समान, १ असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. त्यापुढचा १ म्हणजे हवा आणि इंधनाचा हिशेब. पण कोड तक्रार सांगतो, गुन्हेगार नाही. पी ०१७२ वाचून ऑक्सिजन सेन्सर काढला, हे मला आजही खटकतं. पेट्रोल जास्त जातंय हे तोच तर ओरडून सांगत होता, आणि ते खरं होतं.

कोड पुसण्याआधी त्याच्यासोबत साठवलेली नोंद बघावी. दिवा लागला त्या क्षणी गाडी कशी होती, ते ईसीएम टिपून ठेवतो. आमच्या नोंदीत वेग शून्य, आरपीएम ८००, कुलंट ७४ अंश. म्हणजे दुखणं उभ्या गाडीत होतं. फ्युएल ट्रिमही तेच सांगत होता. ईसीएम आपल्या हिशेबातून किती टक्के पेट्रोल कापतोय किंवा वाढवतोय, तो हा आकडा. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, तो उणे २० च्या पुढे, गुहागर रोडवर साठच्या वेगात फक्त उणे ४. टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात जास्त येत असेल म्हणून त्या नळीला चिमटा लावून पाहिला, काही फरक पडला नाही.

मग एका सकाळी, रात्रभर उभी असलेली गाडी सुरू न करता नुसती किल्ली फिरवून आकडे घेतले. ही तपासणी फुकट आहे आणि मला सगळ्यात जास्त आवडते. रात्रभर थंड झालेल्या गाडीत कुलंट, आत येणारी हवा आणि बाहेरची हवा, तिन्हींचं तापमान जवळपास सारखं असायला हवं. बाहेर २७ होतं. कुलंट दाखवत होता २२, हवा २२. सेन्सर जुने झाले असतील असं समजून मी वहीत लिहिलं आणि पुढे गेले. तिथेच थांबायला हवं होतं. दोन वेगवेगळे सेन्सर एकाच बाजूला, एवढ्याच अंतराने कसे चुकतील?

घाटात मात्र एकदम चार कोड आले. पी ०१०८, पी ०११३, पी ०११८, पी ०१२३. मॅप, आतल्या हवेचं तापमान, कुलंट आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप. चौघांच्या पुढे एकच शेरा: इनपुट हाय, म्हणजे सिग्नलचं व्होल्टेज जास्त.

तापमानाचा सेन्सर म्हणजे थंडीत रोध वाढणारा थर्मिस्टर. ईसीएम त्याला एका रोधातून ५ व्होल्ट देतो आणि मधल्या जागी किती व्होल्ट उरतात ते वाचतो. वर्गात फळ्यावर मी दर वर्षी काढते तीच ही आकृती. तार तुटली की रोध अनंत होतो, पूर्ण ५ व्होल्ट दिसतात आणि ईसीएमला वाटतं की कमालीची थंडी आहे. त्याच्या कोष्टकातली शेवटची पायरी, उणे ४०. आता चार सेन्सर एकाच वळणावर मरत नाहीत. पण या चौघांची अर्थची (अर्थिंगची), म्हणजे वीज परत नेणारी, तार एकच असते. वायरिंगमध्ये कुठे तरी चारही तारा एका सांध्यात जुळतात आणि तिथून एक तार ईसीएमकडे जाते. ५ व्होल्टची तार तुटली असती तर मॅप आणि थ्रॉटलचे कोड उलटे, इनपुट लोचे आले असते. सगळे हाय, म्हणजे अर्थ गेला.

आणि तो एकदम गेला नव्हता. सांधा गंजला की तिथे थोडा रोध तयार होतो आणि प्रत्येक सिग्नल किंचित वर उचलला जातो. गार इंजिनला २७ चे २२ झाले ते त्यामुळे. गरम इंजिनला सिग्नल मुळातच लहान, म्हणून तिथे चूक मोठी, नोंदीतले ७४ अंश तेच. मॅपचाही सिग्नल आयडलिंगला लहान असतो, म्हणून उभ्या गाडीत हवा जास्त वाटून पेट्रोल जास्त जायचं आणि वेगात हिशेब जवळपास जुळायचा. कडेला उभी राहून मी हे बाबांना सांगत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग सेन्सर चांगले आहेत तर." पंधरा-वीस मिनिटांनी आकडे आपोआप ताळ्यावर आले. कराडची तारीख पुढे ढकलली आणि हळूहळू घाट उतरलो.

रविवारी मल्टिमीटर घेऊन बसले. काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल तार कुलंट सेन्सरच्या कपलरमागून, म्हणजे तारा जोडायच्या प्लगमागून, टाचणीने अर्थच्या तारेवर, किल्ली ऑन. तिथे ०.०५ व्होल्टच्या आत आकडा हवा. आला ०.४१. बॅटरीच्या ट्रेखालचं वायरिंग हाताने हलवलं तर १.२, आणखी वाकवलं तर ४.६. एवढं झाल्यावर आमच्या ओळखीच्या वायरिंगवाल्या चाचांना फोन केला. गाडीच्या वायरिंगमध्ये त्यांची चाळीस वर्षं गेली. त्यांनी माझी वही वाचली नाही, मीटरचा आकडा मात्र स्वतः दोनदा घेतला. "ताई, आता काही बदलायचं नाही. टेप सोडायची."

काळी टेप सुटत गेली तशी आतून बारीक, सुकलेली, पिठासारखी माती गळायला लागली. बाबा पुढे आले, चिमूटभर बोटांवर घेऊन चोळली आणि म्हणाले, "वाशिष्ठीची आहे."

२२ जुलै २०२१. आमचं घर बाजारपेठेच्या वरच्या अंगाला, तरी पाणी गाडीच्या हेडलाइटपर्यंत चढलं होतं. खाली शहरात लोकांचं जे गेलं त्यापुढे आमचं काहीच नव्हतं. सीट काढून धुतल्या, तेल बदललं, गाडी सुरू झाली आणि आम्ही ते दिवस मागे टाकले. चिखल टेपच्या आत राहून गेला होता. दर पावसाळ्यात ओल धरत त्याने तीन वर्षांत तो सांधा हिरवा करून टाकला. एका तारेचे सहा-सातच धागे शाबूत होते.

चाचांनी लखलखीत तांबं दिसेपर्यंत प्रत्येक तार मागे कापली, तुकडा जोडून सोल्डर केलं, वर गरम केल्यावर आवळून बसणारी हीट श्रिंक नळी चढवली आणि सांधा ट्रेच्या वर घेतला. आकडा ०.०१. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर २६, कुलंट २६, हवा २६. आयडलिंगचा मॅप ४२ वरून ३४ किलोपास्कलवर आला, ट्रिम उणे २ वर. कुलंट आता गरम झाल्यावर ८९ दाखवतो. पीयूसीत ०.१८ आलं आणि जुलैत पुनर्नोंदणीही झाली. चाचांनी मजुरी सहाशे सांगितली, बाबांनी हजार दिले.

डाव्या बाजूचं वायरिंग अजून सोडलेलं नाही. तिथेही असे सांधे असणार आणि पाणी त्या बाजूलाही तेवढंच होतं. चाचा म्हणाले, पावसात उघडू नका. दिवाळीच्या सुट्टीत ऊन बघून उघडू.